लाकडी बुटांसाठी लागलेली रांग

चावी कुलपात मोडली आणि थेल्मा सग्डनच्या हातात नुसती मुंडी उरली.

एरवी तिने सरळ घरी जाऊन चहा टाकला असता. पण आज नगरपालिकेचे पेंडलबरीसाहेब यायचे होते. गावच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत गिरणीमालकाचा पुतळा होता, घड्याळाचा मनोरा होता आणि अगदी तळाला थेल्माचं लाकडी बुटांचं संग्रहालय होतं. आज पन्नास माणसं आली तर ते राहणार, नाहीतर कायमचं बंद. गेल्या शनिवारी तिघं आले होते, त्यातला एक पत्ता विचारायला.

"तू दारासमोर उभा राहा," तिने नवऱ्याला, नॉर्मनला, बजावलं. "मी चावीवाल्याला फोन करून येते."

"उभं राहून करू काय?"

"लग्नापासून करतोयस तेच. काही नाही."

ती परतली तर नॉर्मनच्या मागे छत्रीवाले एक आजोबा उभे. त्यांच्यामागे दोन बायका. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी असणारच, यावर या गावाची श्रद्धा होती. आणि कशाची रांग हे विचारणं म्हणजे पुढे घुसण्याची पूर्वतयारीच. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. बाराच्या सुमाराला रांग पुतळ्याला वळसा घालून पलीकडे दिसेनाशी झाली.

"अगं, सांगून टाक ना त्यांना," नॉर्मन कुजबुजला.

"गप्प बस! पांगले म्हणजे? साहेबांना काय तुझं तोंड दाखवू?"

तेवढ्यात साहेब आलेच. थेल्माने पाठीने कुलूप झाकलं. "या ना साहेब, असे पुढे या!"

"छे छे, भलतंच!" साहेब दचकले. "माझ्याआधी अठ्ठावन्न माणसं आहेत, बाई." आणि ते खुशीत रांगेच्या शेपटाकडे चालू लागले.

तीन वाजले. रिमझिम सुरू झाली. कुणीतरी थर्मास उघडला, कुणीतरी केक वाटला. चावीवाल्याचा पत्ता नव्हता. थेल्माने त्याला फोन लावला.

"अहो डेरेक, आहात कुठे तुम्ही?"

"कधीचा आलोय! पुतळ्यामागे. साठावा नंबर आहे."

"अहो, दार तुम्हीच उघडायचंय!"

"असेल हो. पण हत्यारांची पेटी घेऊन एकोणसाठ जणांच्या पुढे घुसू? आईने असं वळण नाही लावलं मला."

त्याच्या पुढचा नंबर पेंडलबरीसाहेबांचा होता. त्यांनी सगळं ऐकलं. अठ्ठावन्न वेळा माफी मागत दोघंही दारापाशी पोचले. थेल्माला रडूच फुटलं.

"बंद दारासमोर रांग लावलीत?" साहेब म्हणाले. "आत आहे तरी काय?"

"लाकडी बूट. त्र्याहत्तर जोड."

"आणि?"

"आणखी एक... सुटा."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. छत्रीवाले आजोबा खो खो हसत होते. कुणी कुणाचा केकचा तुकडा पळवत होतं. माणसं अशी खूश होती, जणू गावात जत्रा भरली होती. साहेबांनी वहीत आकडा लिहिला, खाली सही केली. मग डेरेकच्या पेटीवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "आज काही उघडू नका."