लसणीची पाकळी आणि आबाकाकांचा डबा

मी कानात लसणीची पाकळी घातली आणि ती आत गेली.

ह्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. पाकळी घरची, कान माझा. सोमवारी जयगडला बंदरातल्या नोकरीसाठी तपासणी होती. वॉकीटॉकीवरून क्रेनवाल्याशी बोलायचं काम. कानात नापास तो नोकरीत नापास. आणि नेमका शुक्रवारी उजवा कान खाजायला लागला. मोबाइलमधली एक बाई म्हणाली, पाकळी तेलात बुडवून कानाच्या तोंडाशी ठेवा. मी तोंडाशीच ठेवली होती. पण थांबायचं कुठे, हे तेल लागलेल्या पाकळीलाही कळलं नाही आणि माझ्या बोटालाही.

आमच्या मांडवीत कानाचं काहीही झालं तरी आबाकाकांना चुकवून पुढे जाता येत नाही. जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलेला हा माझा शेजारी माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, कानाकडे बघतो. खिशात पेनाएवढी बॅटरी. माझ्या लग्नात त्यांनी आधी माझ्या कानात बॅटरी मारली, मग अक्षता टाकल्या. रस्त्यात कुणी कान कोरताना दिसला की हत्यार जप्त! काड्या, पिना, पेनांची टोपणं, सगळं बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात जातं. माझी स्कूटरची चावी मी तिथून दोनदा सोडवून आणलेली आहे.

"कान म्हणजे खाडी," ते सांगतात. "गाळ आपसूक बाहेर येतो. तू कोण उपसणारा?" आंघोळीनंतर पंच्याचं टोक बाहेरून फिरवायचं, झाली साफसफाई. फारच खाज आली तर करंगळीला खोबरेल लावून कानाच्या दारात. "दारात! माजघरात नाय!"

संध्याकाळी काकूंना घेऊन ते जेट्टीवर फिरायला जातात. तिथेही विक्षिप्तपणा आहेच. परत फिरताना काकूंच्या मागून पूर्ण वळसा घालून ते पुन्हा त्यांच्या उजव्या हाताला येतात. आम्ही म्हणायचो, "बोट वळली."

तर मी मान वाकडी करून त्यांच्या पडवीत उभा राहिलो. त्यांनी बॅटरी मारली, वाकून बघितलं, नाकाने हुंगलं.

"फोडणी कुणी दिली?"

"मीच. काढा ना काका, चिमट्याने. डॉक्टरकडे गेलो तर गावभर होईल."

एवढी इंजिनं खोललेला माणूस, पण दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. "मी हात लावणार नाय. चल डॉक्टरकडे."

दवाखान्यात पाकळी निघेपर्यंत त्यांनी माझं मनगट असं आवळून धरलं होतं की कानापेक्षा तेच जास्त दुखलं. डॉक्टर म्हणाल्या, "पडदा शाबूत आहे. सोमवारी बिनधास्त जा." मी हसलो. काका भिंतीकडे तोंड करून बॅटरी चालू-बंद, चालू-बंद करत राहिले.

घरी आल्यावर काकूंनी चहा टाकला. काकांनी डबा उघडला. पाकळी जप्त करून कागदात बांधून आणली होती. सगळ्या काड्यापिनांच्या तळाशी मला एक सुबक चांदीचं कानकोरणं दिसलं.

"वा! हे कुणाचं जप्त केलंत?"

"माझंच," काका म्हणाले. डबा बंद केला. मग झाकणाकडे बघत म्हणाले, "पहिल्या बोटीवरून आलो तेव्हा हिच्यासाठी आणलेलं. हिचा डावा कान खाजत होता. म्हटलं, एवढाली इंजिनं साफ करतो मी..."

काकूंनी कप ठेवला आणि सवयीने त्यांच्या डाव्या हाताला बसल्या, उजवा कान त्यांच्याकडे करून. "किती वर्षं तेच तेच उगाळाल? त्या कानाने नाय, ह्या कानाने ऐकत्ये ना मी तुमचं सगळं? चहा घ्या."

जेट्टीवरचा वळसा मला तेव्हा कळला. काहीतरी बोलावं म्हणून मी घसा खाकरला. "काका, चूक कुणाच्याही हातून होते हो. आता माझंच बघा..."

"तू गप रे," काकू म्हणाल्या. "ह्यांचा हात मायेने चुकला. डोकं रिकामं आहे म्हणून कानातून भरायला गेलास तो तू!"