हमीदचाचांची दुखणी

विश्रांतवाडीतल्या माझ्या दवाखान्यात पांढऱ्या दाढीचे हमीदचाचा कितीतरी वेळा गरोदर राहिले आहेत.

"चौथा महिना लागलाय, डॉक्टरसाहेब. अन्नाचा वास सहन होत नाही," ते गंभीरपणे सांगत, आणि शेजारी बसलेली तेलुगू बाई भाबडेपणाने माझ्याकडे बघे.

आयुष्यभर ट्रक चालवून चाचांनी तेलुगू, कन्नड, ओडिया गोळा केल्या होत्या. आसपासच्या बांधकामांवरचे मजूर माझ्याकडे येत आणि माझी गाडी मराठी-हिंदीपुढे जात नसे. म्हणून चाचा येरवड्याहून रोज येऊन बसत, हौसेने. 'ही म्हणते', 'तो म्हणतो' त्यांना मंजूर नव्हतं. "मधे मी कशाला? दुखणं पातळ होतं."

माझं बोलणं मात्र ते घट्ट करून पोचवत. मी म्हणायचो, "पाणी भरपूर प्या." चाचा हातवारे करत बोलतच सुटायचे.

"एवढं काय सांगितलंत?"

"पाणी प्यायला सांगितलं. आणि नवऱ्याला हंडा उचलायला सांगितलं. ते तुम्ही विसरलात."

मी कमी बोलणारा. जीभ, नाडी, गोळ्या, पुढचा. चाची गेल्या तेव्हाही "वाईट झालं" एवढंच म्हणालो आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्याचं दुखणंही चाचांनीच सांगितलं.

परवा दुपारी दवाखाना बंद करताना चाचा आत आले, आपल्या खुर्चीत बसले.

"घास उतरत नाही, डॉक्टरसाहेब. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. ताट वाढून घेतो आणि तसंच झाकून ठेवतो."

"कधीपासून?" मी मान खाली घालून लिहीत होतो.

"बायको गेल्यापासून."

"बरं. पेशंटला आत घ्या."

चाचा हलले नाहीत. मी वर पाहिलं. पेशंटचं स्टूल रिकामं. दाराबाहेरही कोणी नव्हतं.

"भाषा कुठली त्याची?" हे मी खरंच विचारलं. सांगायला लाज वाटते.

"मराठीच बोलतो तो," चाचा म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. त्यांची छाती तपासली, ईसीजी काढला. काळजीचं काही दिसलं नाही. मग माझा डबा उघडून दोघांच्या मधे ठेवला.

"चाची जेवताना काय बोलायच्या?"

"बोलायची कुठली? भांडायची. मीठ कमी आहे म्हटलं, की म्हणायची, 'मग जा, ढाब्यावर जेवा.'"

चाचा हसले. पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला.