घाटावरची बाद बारी

"पाव मैल, पंधरा सेकंद," सुश्रुत म्हणाला, तेव्हा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्याला कुणीही काही विचारलं नव्हतं.

सुश्रुत भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. महिन्यापूर्वी त्याने मोटरसायकल घेतली होती. इंजिनाची ताकद, गाडीचं वजन आणि स्वतःचं उपाशीपोटीचं वजन सूत्रात घालून त्याने हा आकडा काढला होता. प्रत्यक्षात ती गाडी आईला मागे बसवून, तळेगावातल्या रिक्षांच्या धुरातून घोरावाडी स्टेशनापर्यंत जाई. पण तो दोष, त्याच्या मते, रस्त्याचा होता.

"आमच्या बैलांना घाट चढाया बारा सेकंद लागत्यात," डबा उघडत कैलास म्हणाला. "तुझी गाडी किती घेईल?"

कैलास टाकव्याचा. घाट म्हणजे त्याच्या गावची बैलगाडा शर्यतीची चढती, मातीची धावपट्टी. सुश्रुतने लांबी विचारली, चढ विचारला, वरणभात गार होऊ दिला आणि सांगितलं, "नऊ."

"मग ये की रविवारी. सोमवारी जत्रा हाय, घाट तयारच असंल. आबांना सांगून ठेवतो."

इथेच थांबता आलं असतं. पण सुश्रुतने हे इंद्रायणीला सांगितलं. त्यांचं लग्न ठरलं होतं आणि 'मुलगा हुशार आहे, पण नुसता बोलतो' हे तिच्या घरचं मत त्याच्या कानावर आलं होतं. ते त्याला खोडून काढायचं होतं. ती म्हणाली, "मीपण येते."

रविवारी वाटेत तिने मागच्या सीटवरून विचारलं, "हिशेबात माती कुठे धरलीयस?"

"माती घर्षणात येते."

"आणि घर्षण?"

"ते पुरेसं आहे असं धरलंय."

गावाने आठवडाभर खपून घाट केला होता. दगड वेचले होते, पाणी मारून रोलर फिरवला होता. कैलासचे वडील सोपानआबा पांढऱ्याशुभ्र शर्टात उभे होते. "पाव्हणं, एकच डाव जावा. कुणी यायच्या आत. गावाला मी शबुद दिलाय, घाटावर आदी बैलच पळत्याल."

कैलासने टॉवेल खाली केला. सुश्रुतने क्लच सोडला. मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. आता जास्त ताकद हवी, असं विज्ञान म्हणत होतं. त्याने ती दिली. चाक मातीत उतरलं, मग एकदम सुटलं, गाडीने घाटावर आडवा चर काढला आणि ती कुशीवर झोपली. मागे उभ्या असलेल्या आबांचा शर्ट आता पांढरा नव्हता.

"लागलं का?" इंद्रायणी धावत आली.

"नाही."

"मग ऊठ. लोक येतायत."

"कैलास, लपीव ती!" आबा ओरडले. गाडी कडब्याच्या गंजीमागे गेली न गेली तोच जत्रेचा माइकवाला धोंडिबा माणसं घेऊन पोचला.

"आबा, घाटाला काय झालं ओ?"

आबांनी एकदा पाहुण्याकडे बघितलं. "रानडुकरं घुसली."

"दिवसाढवळ्या?"

"त्यांना काय घड्याळ हाय व्हय?"

"आन् तुमच्या अंगावर चिखल?"

"हाकलाया गेलतो."

धोंडिबाने चराची खोली बघितली. "लय दांडगं असंल."

मग सगळंच वाढत गेलं. शेजारच्या शालूबाईंनी शेळ्या आत घेतल्या. पोरं काठ्या घेऊन रात्रभर घाट राखायला बसली. सुश्रुतने कुणी न सांगता फावडं उचललं आणि अंधार पडेपर्यंत चर भरला. इंद्रायणी घमेलं वाहत होती. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कैलासने दोघांना आग्रहाने जत्रेला नेलं. धोंडिबाचा माइक गरजला, "मंडळी, डुकरांनी उकरल्याला घाट तळेगावच्या पाव्हण्यांनी सोताच्या हातानं नीट केला! त्यांचा सत्कार आबांच्या हस्ते!"

डोक्यावर टोपी आली, हातात नारळ आला. समोर राखणीची पोरं तांबारलेल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवत होती. आबा त्याची नजर चुकवत होते. काल त्याने चर भरला नसता तर बरं झालं असतं, असं सुश्रुतला वाटलं. आज त्यात शिरता आलं असतं.

"दोन शब्द बोला, सायेब."

सुश्रुतने माइक धरला. "ते डुक्कर..." त्याने नारळ काखेत धरला. "ते डुक्कर मीच. मी मोटरसायकल पळवली घाटावर. आबांनी मला पाठीशी घातलं. माफ करा."

आबांनी टोपी कपाळावर ओढली. धोंडिबाने माइक हळूच काढून घेतला.

"मोटरसायकल? ह्या घाटावर?"

"हो."

माणसं पुढे सरकली. राखणीची पोरंही.

"मग किती सेकंद?"

सुश्रुतला नऊ हा आकडा आठवला. "वर पोचलीच नाही."

एखाद्या बैलगाड्याची फेरी फुकट गेल्यावर वळायचा, तसा धोंडिबा सवयीने गर्दीकडे वळला. "तळेगावकरांची बारी बाऽऽद!" हशाने घाट दणाणला. त्यात आबांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

परतताना सुश्रुतची गाडी एका ट्रॅक्टरमागून चालली होती. रस्ता मोकळा होता, तरी त्याने ट्रॅक्टरला मागे टाकलं नाही.

"घरी काय सांगशील?" त्याने विचारलं.

"सांगेन, की तो नुसता बोलत नाही," नारळ सांभाळत इंद्रायणी म्हणाली. "करूनही दाखवतो."