न गळणारी चित्रं

चित्र पुरं झालं, रंग हाताला लागेनासा झाला, की रंगारीबाबा ते अंगणात चार खुंटांना ताणून बांधत आणि त्यावर बादलीभर पाणी ओतत. मग चष्मा काढून स्वतः त्याखाली शिरत आणि तोंड वर करून उताणे पडून राहत. कपाळावर थेंब पडला की आतूनच ओरडत, "नापास! मुंबईला पाठवा!"

मुंबईत त्यांचं नाव फार मोठं. ते इथे देत नाही. आधुनिक चित्रकलेवरच्या जाड पुस्तकांत त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण असतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा माणूस सगळा गाजावाजा मागे टाकून चिंचणीला आला, मच्छीमारांच्या वस्तीला लागून एक कौलारू घर घेऊन राहिला आणि गावाने त्याचा रंगारीबाबा करून टाकला. मी तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. वय सव्वीस, आणि स्वतःविषयीचं मत उत्तम.

पाण्याच्या परीक्षेचं मूळ शेजारच्या हिराबाईत होतं. बाबा शिडाच्या जाड कापडावर रंगवत. एकदा बिघडलेलं चित्र त्यांनी परसात फेकलं. हिराबाईने ते उचलून सुक्या बोंबलांच्या ढिगावर घातलं. रात्रभर पाऊस कोसळला, बोंबील खडखडीत कोरडे. सकाळी ती दारात हजर.

"बाबा, तुमचा कपडा चांगला हाय. गळत नाय. आजून येक बिघडवा ना!"

बाबा हरखून गेले. मला म्हणाले, "मास्तर, तीस वर्षांत माझ्या चित्राबद्दल इतकं खात्रीने कुणी बोललं नव्हतं रे."

तिथून नियमच झाला. जे गळत नाही ते वस्तीला, जे गळतं ते मुंबईला. "मुंबईत चित्रांवर पाऊस पडत नाही," हे त्यामागचं शास्त्र. गॅलरीवाले शेठ दोन-तीन महिन्यांनी बोईसरला उतरत, एसटीने धूळ खात चिंचणी गाठत आणि नापास चित्रं डोक्यावर घेतल्यासारखी घेऊन जात. आज संग्रहालयांत काचेआड टांगलेली बाबांची चिंचणीतली चित्रं ही सगळी हिराबाईने नाकारलेली आहेत. समीक्षक त्यांतल्या 'पातळ रंगांतल्या अवकाशा'वर पानंच्या पानं लिहितात. हिराबाई त्याला भोक म्हणत असे.

बाबांचा सगळ्यावर एकच उतारा होता. "सुकू दे." हेडमास्तर माझ्यावर खवळले, सुकू दे. वस्तीत जाळ्यावरून भांडण पेटलं, सुकू दे. मला उमरोळीची एक मुलगी पसंत पडली होती. बाबांचं ऐकून मी महिनाभर सुकू दिलं, तोवर तिचं पालघरला ठरलं.

तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम निघालं तेव्हा एका हिंदी भाषिक चहावाल्याने त्यांना साधा पेंटर समजून हॉटेलची पाटी सांगितली. बाबांनी तीन दिवस खपून एक आडवी नारिंगी रेघ ओढली.

"बाबूजी, ये क्या है?"

"चाय."

चहावाला बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "थोडी कडक है." पुढे ते 'रेघेचं हॉटेल' म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं.

मला चेहरे छान साधत. एकदा मी हेडमास्तरांचं हुबेहूब चित्र काढून बाबांना दाखवलं. त्यांनी ते जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, आणि म्हणाले, "झकास. पण बोईसरच्या फोटोवाल्याच्या पोटावर का पाय देतोस? चेहऱ्यात चित्र नसतं, मास्तर."

ते हसले. मीही हसलो. माझं हसणं खरं नव्हतं.

इथवरचं मी शाळेच्या संमेलनांत दोनदा सांगितलं आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. आता पन्नाशी जवळ आली. पुढचं चारचौघांत आज पहिल्यांदा सांगतो.

एका श्रावणात बाबा आठ दिवस मुंबईला गेले. किल्ली माझ्याकडे होती. मधे शेठ येऊन ठरलेली चित्रं घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाऊस असा लागला की थांबेना, आणि हिराबाई भिजत शाळेत आली.

"मास्तर, येक मोठा कपडा द्या. पडवी गळतंय नि लेक बाळंत हाय माजी."

मी घर उघडलं. कपाटामागे एक भेंडोळं उभं होतं. मोठं होतं म्हणून सोडून पाहिलं. आत एक बाई. पंचविशीची, नाकात चमकी, कुणीतरी हाक मारल्यासारखी वळून बघणारी. चेहरा असा, की माझे सगळे चेहरे त्यापुढे मातीचे. रंगांवरून चित्र जुनं दिसत होतं, आणि कडांवरून वारंवार उलगडून पाहिलेलं.

मी घाईत ते दिलं असं बरीच वर्षं स्वतःला समजावत राहिलो. घाई नव्हती. शेजारी दुसरी दोन कापडं पडली होती. चेहऱ्यात चित्र नसतं म्हणणाऱ्याने हे माझ्यापासून लपवलं होतं, आणि त्याचा मला राग आला होता. हे जपून ठेवलेलं आहे हे कळत असताना मी ते पावसात दिलं.

बाबा परतले. दोन दिवस घरातून सामान सरकवल्याचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, कपाटामागचं भेंडोळं पाहिलंस?"

मी म्हणालो, "शेठ येऊन गेले ना. त्यांच्या माणसाने बरंच काही उचललं."

बाबा 'सुकू दे' म्हणाले नाहीत. त्यांनी शेठना पत्र लिहिलं: हिवाळ्यातलं प्रदर्शन रद्द, यापुढे चित्र मिळणार नाही. ते पत्र पोस्टात मीच टाकलं.

त्यानंतर त्यांचं एकही चित्र चिंचणीबाहेर गेलं नाही. पुस्तकांत या वर्षांना 'मौनपर्व' म्हणतात. समुद्राने त्यांना मौन शिकवलं, असं एक विद्वान म्हणतो. दुसऱ्याच्या मते तो बाजाराचा निषेध होता. दोघेही अभ्यासू आहेत. मौनपर्व मी एका वाक्यात घडवलं होतं.

मी दर रविवारी जात राहिलो. बाबा माझ्याशी पूर्वीसारखेच वागत, पाणी ओतत, ओरडत. रोज चार वाजता मात्र हिराबाईच्या पडवीत चहाला जात. मला चल म्हणाले नाहीत, आणि मीही त्या पडवीची पायरी कधी चढलो नाही. वर बघावं लागलं असतं.

दशक संपता संपता बाबा गेले, झोपेतच. महिन्याभराने संग्रहालयाचे लोक मोटार घेऊन आले. वस्तीवरची बहुतेक कापडं तोवर उन्हापावसाने कुजून गेली होती. पाहुण्यांना रेघेच्या हॉटेलात बसवून मी एकटाच हिराबाईकडे गेलो. निदान ते एक चित्र तरी परत घेऊन संग्रहालयाला द्यावं आणि बोलून मोकळं व्हावं, असं ठरवून.

पडवीत शिरलो आणि वर पाहिलं. सगळे रंगाची बाजू आभाळाकडे करत. हिने उलटं घातलं होतं. चुलीच्या धुराने तांबूस झालेली ती बाई खाली बघत होती.

"तोंड आत का केलंस?"

"बाईमाणूस हाय. पावसात कशी निजवायची?" हिराबाई म्हणाली. "वरून माडाचे झाप घातलेत मी."

मी सांगून टाकलं. राग, भेंडोळं, शेठ, सगळं. ती बोंबील निवडत ऐकत होती.

"बाबाला ठाव होता," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच आठवड्यात. तुमी पत्र टाकलाव त्याच्या दुसऱ्या दिवशी. नातवाला बघाया आला. पोर हातात घेतला, वर बघितला, नि तितंच खाली बसला. त्याची बायको ती, मास्तर. गेली तवा फोटो पण नव्हता तिचा. मी बोलली, काडून देते. तो बोलला, नको. पोर नव्हता त्यांना. बोलला, राहू दे, पोराचा रडना आयकू दे तिला."

"मग शेठना दुसरं पत्र का नाही लिहिलं? मला का नाही बोलले?"

"मीपन तेच इचारला." तिने सूप बाजूला ठेवलं. "बोलला, शेटला लिवला तर मास्तरला कळंल. तो लाजंल नि यायचा बंद होईल. मंग रविवारी माज्याकडे कोन येनार?"

मी भिंतीशी टेकून खाली बसलो. हिराबाई आत जाऊन चहा घेऊन आली, कप माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघून तिने मान हलवली.

"तितून नीट दिसत नाय, मास्तर. जरा हिकडं सरका. तो हितं बसायचा."

मी सरकलो.