ट्रॅक्टर बॉईजच्या हरवलेल्या हिट्स

‘खानदेशचा तिसरा डोळा म्हणजे मी,’ अशी आमचे हे स्वतःची ओळख करून देतात. ‘तापीच्या अल्याड-पल्याड जे घडतं, ते मला घडायच्या आधी कळतं.’ या तिसऱ्या डोळ्याला कपाळावर सरकवलेला चष्मा मात्र रोज सकाळी सापडत नाही. तो मी शोधून देते. माझं नाव डिंपल. यांच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत ‘झुलाल महाजन, खाजगी गुप्तहेर, नशिराबाद’ असं छापलंय आणि खाली बारीक अक्षरांत ‘पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करून मिळेल’. घर बारीक अक्षरांवर चालतं.

त्या दिवशी सकाळीच माझ्या मावसभावाचा, भूपेंद्रचा फोन आला. भूपेंद्र रावेरजवळच्या खेड्यात राहतो आणि ‘ट्रॅक्टर बॉईज’ नावाच्या बँडचा मुख्य गायक आहे. चार बॉईज आहेत. त्यातला सगळ्यात धाकटा बॉय यंदा चाळिशीला टेकला. कॉलेजात असताना शिवलेली सोनेरी जाकिटं अजून तीच आहेत, फक्त आता बटणं लावत नाहीत. तेवढी स्टाईल चालते, असं भूपेंद्र म्हणतो.

तर या बँडचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नावाचा अल्बम संध्याकाळी प्रकाशित व्हायचा होता आणि अल्बमच्या सगळ्या सीड्याच गायब झाल्या होत्या.

हिट्सबद्दल थोडं सांगायला हवं. बँडने आजवर एकूण नऊ गाणी केली. त्यातली उत्कृष्ट गाणी निवडायला चौघांची समिती बसली, खूप वाद झाले आणि शेवटी नऊच्या नऊ निवडली गेली. तरी सीडी भरेना, म्हणून ‘राणी, ट्रॅक्टर वळव’ हे गाणं पुन्हा शेवटी घातलं. खरं तर हिट म्हणावं असं तेवढंच एक. आमच्याकडची वरात त्याच्याशिवाय मंडपात शिरत नाही.

आजकाल सीडी कोण लावतं, असं मीही विचारलं होतं. पण भूपेंद्रचं कारण वेगळं होतं. त्याच्या वडिलांनी, जिवरामआबांनी, मुलाचा एकही कार्यक्रम कधी पाहिला नव्हता. केळीच्या बागेत आयुष्य गेलेला माणूस. मोबाईलवरचं गाणं म्हणजे त्यांच्या लेखी वारा. ‘हातात धरता येईल असं काही काढ, मग येतो पुढे बसायले,’ असं ते एकदा रागात बोलून गेले. भूपेंद्रने ते वाक्य धरून ठेवलं आणि सीडी काढली. आता पहिल्या रांगेत आबांची खुर्ची ठेवली होती आणि त्यांच्या हातात द्यायला काहीच नव्हतं. फोनवर त्याचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

आम्ही माझ्या स्कूटीवर निघालो. चालवत मी होते. गुप्तहेराचे हात आणि डोळे मोकळे हवेत, म्हणून हे नेहमी मागे बसतात. भुसावळ येईपर्यंत ते मोकळे डोळे मिटून माझ्या पाठीवर घोरत होते.

मावशीने, सुगंधाबाईने, दारातच पायांवर पाणी घातलं. जावई आल्यावर काय करू नि काय नको असं तिला होतं. बसवल्याबरोबर म्हणाली, ‘आतल्या खोलीत केळी पिकू घातलीत. आबा कोनाले दार उघडू देत नाही, वारा लागला की माल बिघडते म्हनता. पन जवायासाठी काढते.’

हे हात वर करून म्हणाले, ‘मावशी, केस सुटल्याशिवाय मी घास घेत नाही. हिलाही नको.’

मी सकाळपासून उपाशी होते. पण माझा उपास हा यांच्या कार्यपद्धतीचा भाग आहे.

हकिगत साधी होती. सीड्या धुळ्यात लोटन नावाच्या स्टुडिओवाल्याने बनवल्या. त्याने पार्सल रिकाम्या परतणाऱ्या केळीच्या गाडीत ठेवलं. गाडीवाल्याने तीन-चार दिवसांपूर्वी आबांच्या ओट्यावर उतरवलं आणि तसं शपथेवर सांगितलं. त्यानंतर ते कुणी पाहिलं नाही. भूपेंद्रने घर, गोठा, पॅकिंगची शेड सगळं पालथं घातलं होतं. आबांना मात्र त्याने विचारलं नव्हतं. आबांपुढे अल्बम हरवल्याचं बोलायची त्याची छातीच होत नव्हती.

यांनी ओटा टेस्टरने ठोकून पाहिला. मोटारीच्या धंद्यातलं हे एकच हत्यार ते तपासात वापरतात. मग पहिला निष्कर्ष जाहीर केला. चोर ललित, बँडचा चौथा बॉय. मुखपृष्ठावर त्याचं अर्धं तोंड केळीच्या पानाआड गेलं होतं, म्हणून त्याने सूड घेतला.

ललितला बोलावलं. तो जाकीट घालूनच आला. राग आलाय, हे त्याने कबूल केलं. ‘पन मी कायले चोरू जिजाजी? माह्या मायनं साऱ्या गल्लीले सांगून ठेवलंय. अर्धा त अर्धा, दिसतो त आहे.’

मग दुसरा निष्कर्ष. हे आंतरराष्ट्रीय चाचेगिरीचं प्रकरण आहे आणि तिचं मुख्यालय धुळ्यात आहे. लोटनला फोन लावला. लोटन स्वतःही गायक, त्याचा स्वतःचाही अल्बम निघालेला. त्याने आरोप शांतपणे ऐकून घेतला.

‘मी कसाले ठेवू भाऊ? हातमा जे खोकं सापडनं, त्यामा भरी दिधं नि धाडी दिधं. मनाच आल्बम घरमा पडेल शे, तोच कोनी लई जात नहीं. तुमले पाहिजे का?’

खोकं कसलं होतं, हे विचारावं असं मला वाटलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात यांनी फोन कापला. गुन्हेगार जास्त बोलायला लागला की तो विषय बदलतो, असं त्यांचं शास्त्र आहे.

ऊन उतरलं. मंडपात खुर्च्या मांडायला सुरुवात झाली. सोसायटीचे चेअरमन रिबन सोडायला येणार होते. भूपेंद्र म्हणाला, पार्सल नाही मिळालं तर रिकाम्या डब्याला रिबन बांधू, लोकांना काय कळतंय. पण आबांना कळेल, असंही त्यानेच म्हटलं.

नेमक्या त्याच वेळी यांना तिसरा निष्कर्ष सुचला. आबा शेतातून आले होते आणि ओट्यावर चहा पीत होते. हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ‘आबा, या घरात या गाण्यांचा तिटकारा असलेला माणूस एकच आहे. पार्सल ओट्यावर उतरलं, आणि ओट्यावर तुमच्याशिवाय कुणी बसत नाही. सीड्या तुम्हीच उचलल्या.’

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर कपबशी डोक्यात बसली असती. पण जावयाला कुणी हात लावत नाही, हाच यांच्या धंद्याचा पाया आहे. आबांनी कप खाली ठेवला.

‘मले गानं समजत नाही, ते खरं. पन पोराची वस्तू मी दडवीन?’ मग भूपेंद्रकडे न बघताच ते म्हणाले, ‘मी धुतलेलं धोतर काढून ठेवलं व्हतं संध्याकायसाठी. आता नाही येत.’

भूपेंद्रचा चेहरा मला बघवेना. यांना मी कोपऱ्यात घेतलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंडपात पाहुणे जमू लागले. पाहुण्यांपुढे काही ठेवायला हवं, म्हणून मावशी आबांना न विचारताच केळीच्या खोलीत गेली. मीही मदतीला गेले. हेतू सगळाच उदात्त नव्हता. अंधारात गोणपाटाखाली केळीची खोकी ओळीने ठेवलेली होती. पहिलं उघडलं, पिवळीधमक केळी. दुसरंही तसंच. तिसऱ्याचा पुठ्ठा फाडला, तर आतून चार सोनेरी जाकिटं माझ्याकडे बघून हसली. ललित अर्धाच हसत होता.

‘आबा हो,’ मावशीने हाक मारली, ‘हे काय पिकू घातलं तुमी?’

आबा आले, पाहिलं आणि दारातच खाली बसले. लोटनच्या हाताला सापडलेलं खोकं केळीचं होतं. खानदेशात दुसरं खोकं सापडतंच कुठे? ओट्यावर केळीचं खोकं दिसलं, ते आबांनी जन्मभराच्या सवयीने उचलून आत ठेवलं, गोणपाट टाकलं आणि दार लावलं. सगळे पार्सल शोधत होते. खोकं कुणी शोधलंच नव्हतं.

यांनी बाहेर येऊन घोषणा केली, ‘आरोपी मी बरोबर ओळखला होता. फक्त गुन्हा नव्हता.’ आणि लगेच चार केळी खाल्ली.

आबा धोतर बदलून आले. ते खोकं त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही, स्वतःच्या खांद्यावरून मंडपात आणलं. चेअरमन बाजूला राहिले आणि रिबन आबांनीच सोडली. सीडी हातात धरून त्यांनी उलटसुलट पाहिली, नाकाला लावली. साऱ्या अल्बमला पिकल्या केळ्याचा वास येत होता.

‘वाजव,’ ते भूपेंद्रला म्हणाले.

आता आली पंचाईत. सीडी वाजवायचं यंत्र गावात कुणाकडेच नव्हतं. भूपेंद्रने ललितकडे पाहिलं, ललितने पूर्ण तोंडाने होकार दिला आणि चौघे बॉईज पोटं सावरत उभे राहिले. ‘राणी, ट्रॅक्टर वळव’ त्यांनी तोंडाने म्हटलं, संगीताशिवाय. वरच्या पट्टीत भूपेंद्रचा आवाज फाटला. आबा पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत हलले नाहीत. माझे डोळे भरून आले. हे मात्र चष्मा शोधत होते.

गाणं संपलं. टाळ्या थांबल्यावर भूपेंद्र खाली उतरून वडिलांपुढे उभा राहिला. आवडलं का, हा वीस वर्षांचा प्रश्न होता, पण त्याला तो विचारता येईना. आबांनी सीडी अंगठ्याने दाबून पाहिली, जसं केळं दाबून पाहतात.

‘अजून दोन रोज ठेवाले पाह्यजे व्हतं,’ ते म्हणाले. मग सीडी बंडीच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, ‘दुसरं म्हन.’