गाईड गफ्फारभाई सुट्टीवर जातात

आमच्या घराची वास्तुशांत झाली, त्या दिवशी पाहुण्यांना आमचं घर गफ्फारभाईंनी दाखवलं. खरं तर मीच दाखवायला निघालो होतो. पण दारातच ते पुढं झाले आणि हात वर करून म्हणाले, "हजरात, जरा उंबऱ्यापाशी थांबा अन् वर बघा. हे कुनीच बघत नाय."

पाहुण्यांनी वर बघितलं. मीही बघितलं.

"स्लॅबला जोड दिसतो का? तिथवर काम झालं अन् मिस्त्री जेवायला गेला. आल्यावर पुढचं टाकलं."

जोड दिसत होता. घर बांधत असताना मी रोज तिथं चक्कर मारत होतो, पण मला तो कधी दिसला नव्हता. मग त्यांनी सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि पावसाचं पाणी कुठून उतरतं ते समजावून सांगितलं. जाताना माझ्या साडूंनी "घर छान बांधलंत" असं म्हणून गफ्फारभाईंचा हात हातात घेतला.

गफ्फारभाई औरंगपुऱ्याच्या मागं आमच्याच गल्लीत राहायचे. छत्तीस वर्षं वेरूळला गाईड होते. रोज सकाळी एसटीनं जायचे, संध्याकाळी यायचे. लेणी सांगता सांगता त्यांना सगळ्या जगाचंच लेणं करायची सवय लागली होती. दवाखान्यात रांगेत बसले तरी शेजारच्याला भिंतीचा चुना दाखवायचे. देवाचं नाव, राजाचं नाव ते शेवटी सांगायचे. आधी त्यांना एकच गोष्ट विचारायची असे : "हे काम करनाऱ्या मानसांना पानी कोन पाजत व्हतं?" मग पर्यटक लेण्यातल्या हत्तीपेक्षा जास्त वेळ एखाद्या पाण्याच्या टाक्याकडं बघत उभे राहायचे.

काम सोडल्यावर दुसऱ्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून कोकणात जायचं ठरवलं. गफ्फारभाई आणि मुमताजभाभीही निघाले. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी समुद्र एकदाच बघितलेला, त्या दोघांनी एकदाही नाही. रत्नागिरीच्या बाजूला नारळीच्या बागेत एक रिसॉर्ट होतं. तिथं भिंतीवर पाटी होती : आजूबाजूची बघण्यासारखी ठिकाणं. दीपगृह, पाण्यातला किल्ला, गरम पाण्याचे झरे, लेणी, डॉल्फिन. गफ्फारभाईंनी चहाच्या आधी ती पाटी वहीत उतरवून घेतली आणि मालकाला विचारलं, "ह्या सगळ्याला गाईड कोन?"

मालक म्हणाला, "गाईड कशाला लागतो? आपलं आपण बघायचं."

गफ्फारभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "शिंदेसाब, लई बुरा हाल हाय इथं."

पहिल्या दिवशी लेणी झाली. ते प्रत्येक खोलीत जाऊन आले, भिंतीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "चांगली हायत. लहान हायत." एखाद्याच्या घरी नवं बाळ बघून यावं तसं. मग लेण्यांच्या रखवालदाराला वेरूळबद्दल अर्धा तास सांगितलं. रखवालदारानं त्यांना शहाळं पाजलं.

दुसऱ्या दिवशी होडीतून डॉल्फिन बघायला गेलो. गफ्फारभाई होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. भरती-ओहोटी म्हणजे काय ते सांगत होते. दोन दिवसांत त्यांनी त्याची बरीच माहिती गोळा केली होती. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं पाण्यातून एक डॉल्फिन वर आला, वळला आणि बुडाला. आम्ही सगळे ओरडलो. ते वळेपर्यंत पाणी सपाट झालं होतं.

"कसा व्हता?" त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. पाठ केवढी, रंग कसा, आवाज आला का. संध्याकाळी, मागं राहिलेल्या मुमताजभाभींना आणि इतर दोघींना त्यांनी जो डॉल्फिन सांगितला, तो आमच्यापेक्षा चांगला होता.

तिसऱ्या दिवशी किल्ला. तिथं मात्र गाईड होती. सुगंधाबाई नावाची चाळिशीतली बाई. होडीवाल्यानं आम्हाला सांगितलं की तिचा नवरा किल्ला दाखवायचा. तो गेल्यावर दोन महिन्यांपूर्वी तिनं हे काम धरलं, आणि लोक खुशीनं देतात त्यावर तिचं चालतं. तिचं बोलणं पाठ केलेलं होतं. मध्ये कुणी खोकलं तरी ती वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.

"हा दरवाजा लांबून दिसत नाही. जवळ आल्यावरच दिसतो," ती म्हणाली. तिच्यामागं आम्ही आणि दुसरे दहा-बारा पर्यटक होतो.

गफ्फारभाई सुरुवातीला भाभींच्या कानात बोलत होते. दगडाचा सांधा बघ, छिन्नीचा वार बघ. मग आवाज वाढला. आमच्या बायकांनी माना वळवल्या, मग बाकीच्यांनी. गोड्या पाण्याच्या टाक्यापाशी पोहोचलो तोवर सगळा घोळका त्यांच्याभोवती होता. "चारी बाजूनं खारं पानी," ते सांगत होते, "अन् मधी हे गोडं. पहिला मानूस इथं खोदायला लागला तेव्हा त्याला काय माहीत, पानी लागंल का नाय?" लोक टाक्यात वाकून बघत होते. त्यांना इतकं रंगून बोलताना मीही कधी ऐकलं नव्हतं.

सुगंधाबाई वरच्या पायरीवर उभी होती. तिच्या पुढ्यात कुणी नव्हतं. तरी तिनं आपलं वाक्य संपवलं. "असं म्हणतात," ती हळूच म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

ते गफ्फारभाईंना दिसलं. ते बोलता बोलता थांबले. "बाकीचं बाईंना विचारा," म्हणाले. पण कुणी विचारलं नाही. लोक फोटो काढायला पांगले. होडीवाल्यानं हाक मारली. निघताना चारजणांनी गफ्फारभाईंच्या हातात नोटा ठेवल्या. त्या सगळ्या त्यांनी बाईला नेऊन दिल्या. तिनं घेतल्या, पण त्यांच्याकडं बघितलं नाही.

परतीच्या होडीत ते किल्ल्याकडं पाठ करून बसले. रिसॉर्टवर आल्यावर एकटेच वाळूवर चालत गेले. मी व्हरांड्यात भाभींना म्हणालो, "भाईंनी मनाला लावून घेतलं."

"घेनारच," भाभी म्हणाल्या. "त्यांच्यावर बितलंय ना."

भाभी शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच त्यांनी सांगितलं. वेरूळची शेवटची तीन वर्षं गफ्फारभाईंना कुणी विचारत नव्हतं. मोठ्या गाड्यांतून येणारे पर्यटक आपला माणूस बरोबर आणायचे, बाकीचे मोबाइलवर ऐकायचे. भाई रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं जायचे, झाडाखाली बसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सांगायचे : आज जपानचे लोक होते, आज कलकत्त्याचे मास्तर होते, लई सवाल विचारले.

"तुम्हाला खरं वाटायचं?"

"दिवसभर बोलून आले की रातच्याला त्यांचा गळा बसायचा. मी ज्येष्ठमध उकळून द्यायची. त्या तीन सालांत गळा एकदम साफ." भाभींनी टरफलं पदरातून झाडली. "तरी मी रोज उकळत व्हते. नाय उकळलं तर त्यांना समजंल ना, का मला समजलंय."

भाभींनी सोललेल्या शेंगांतले मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गरम पाण्याच्या झऱ्यांकडं निघाले. गाडीत गफ्फारभाई नव्हते. "पहिल्या होडीनं किल्ल्यावर गेले," भाभी म्हणाल्या आणि खिडकीपाशी बसल्या. मी गाडीतून उतरलो. झरे काय, मी पुन्हा कधीही बघितले असते. गफ्फारभाई आता काय करतात ते मला बघायचं होतं.

दुसरी होडी धरून मी पोहोचलो तेव्हा सुगंधाबाई दरवाज्यापाशी नव्या लोकांना गोळा करत होती. कोल्हापूरकडचं एक मोठं कुटुंब होतं. सगळ्यांत मागं, टोपी हातात धरून, गफ्फारभाई उभे होते. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि तिची नजर त्यांच्यावर गेली. ती थांबली.

"भाऊ, तुम्ही काल आला होतात," ती म्हणाली. "तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

माणसं वळून बघायला लागली. गफ्फारभाईंनी मान हलवली.

"नाय बाई. काल मी बोलत व्हतो. ऐकायचं राह्यलं."

तिनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग घोळक्यातल्या लोकांना हातानं बाजूला सरकवलं.

"मग असे पुढं या," ती म्हणाली. "वारा आहे. मागं ऐकू यायचं नाही."