डॉक्टर नापास करणारे गावंडे

आमच्या शेजारच्या गावंडेंच्या खिशात एक लाल पेन्सिल असते आणि तिच्या तावडीतून जबलपुरातले फार थोडे डॉक्टर सुटले. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन बाहेर आले की हे दवाखान्याच्या पायरीवरच थांबतात, चिठ्ठीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारतात आणि म्हणतात, "रिजेक्ट."

दुखणं काय, तर पुरळ. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे आणि बसायची जागा. बारीक पाण्याचे फोड, तेही जोडीनं. उजवीकडे आले की डावीकडे आलेच. खाज अशी की बोलता बोलता माणूस माझ्या दाराच्या चौकटीला अंग घासून घेतो. एका बाजूचा रंग उडाला आहे. खोटं वाटत असेल तर विजय नगरला येऊन पाहून जा.

हे गावंडे फॅक्टरीत तपासणीला होते आणि मी लेथवर. मी चौथी शिकलेला, ते डिप्लोमावाले. तीस वर्षं माझा माल या माणसानं मोजला. केसाएवढा फरक निघाला तरी लाल फुली. "रिवर्क. उद्या परत आणा." मी शिव्या द्यायचो, ते ऐकून घ्यायचे आणि पुढचा नग उचलायचे. लग्न केलं नाही. पोरी नापास केल्या असतील, असं आम्ही म्हणायचो. आणि रिटायर झाल्यावर माझ्या शेजारचं घर घेतलं ते नेमकं यांनीच! आता बोला.

माझी बायको कमल गेली त्याला नऊ महिने होतील. तेरावं झालं, पोरगी नागपूरला परत गेली. मी गॅस पेटवणं सोडलं. चहा टपरीवर, सोबत टोस्ट, झालं जेवण. चौथ्या दिवशी सकाळी आठला हे दारात उभे. हातात रिकामी ताटली.

"वहिनी मला रोज दोन पोळ्या द्यायच्या."

"मग?"

"मग आता काय?"

"आता काय म्हणजे? ती मेली, गावंडे."

"ते माहीत आहे मला. पोळ्या काहून बंद?"

असा संताप आला! घरातलं माणूस जाऊन महिना नाही झाला आणि याला पोळ्या पाहिजेत. रागारागानं कणिक भिजवली, लाटली, तव्यावर आपटली. पोळी कसली, मध्य प्रदेशचा नकाशा होता तो. गावंडेंनी ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटीपालटी केली. "काठ जाड. मधे कच्ची. रिजेक्ट. उद्या परत." आणि बसून दोन्ही खाऊन गेले!

मी म्हटलं, थांब लेका, एक दिवस चंद्रासारखी गोल पोळी तुझ्या ताटलीत आपटून दाखवतो. त्या हट्टापायी रोज करत गेलो. त्यांच्या दोन करता करता माझ्याही दोन व्हायला लागल्या.

इकडे यांचे डॉक्टर चालूच. एक म्हणाला खरूज, दुसरा म्हणाला नायटा. वैद्य म्हणाले रक्त तापलं. सिविल लाइंसमधल्या एकानं सांगितलं टेन्शन. ज्यानं लग्नच केलं नाही त्याला कसलं टेन्शन? गावंडे प्रत्येकाला एकच विचारायचे, "खाण्यात काय बंद करू?" कोणी वांगं म्हणे, कोणी दही, कोणी लोणचं. हे इमानदारीनं बंद करायचे. पुरळ तिथंच. मग फुली. मला डॉक्टर लोकांचा असा राग यायचा! एवढं शिकून यांना एका माणसाची खाज समजत नाही?

परवा त्यांचं कोपर रक्तानं भरलेलं पाहिलं आणि डोकं फिरलं. फाईल हिसकून घेतली. सगळ्यात खाली नेपियर टाउनच्या एका डॉक्टरीण बाईंची चिठ्ठी होती. पहिली फुली तिच्यावर.

"चला हिच्याकडे."

"ती नको."

"काहून?"

"नको म्हणून राहिलो ना!"

मी ऑटो थांबवला आणि त्यांना आत ढकललं.

बाई चांगल्या होत्या. कोपर पाहिलं आणि म्हणाल्या, "चाचाजी, मैंने तो तभी बताया था. चमड़ी की जाँच भी हुई थी. ये गेहूं से है. गेहूं बंद किया?"

गावंडे पंख्याकडे पाहायला लागले.

मी म्हटलं, "गेहूं? रोज दो रोटी खाते हैं, मेरे हाथ की!"

बाई माझ्याकडे वळल्या. "तो आप ही बंद करवाइए."

मी चिठ्ठीवरची तारीख पाहिली. कमल जायच्या दहा दिवस आधीची. म्हणजे ताटली घेऊन दारात उभे राहिले तेव्हा यांना सगळं माहीत होतं! इतके महिने हा माणूस असं दुखणं शोधत फिरला, ज्यात पोळी चालेल.

परतताना ऑटोत मी भांडलो. "लाज नाही वाटत? माझ्या हातानं विष खाता? तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

ऑटोच्या दांडीला कोपर घासत ते म्हणाले, "तुम्ही गॅस पेटवत नव्हता."

मी त्यांचं कोपर धरून दांडीवरून बाजूला केलं. ऑटोवाला म्हणाला, "अंकल, घर आ गया."

ज्वारी चालेल, पण गव्हाच्या चक्कीवरची नको, असं बाईंनी बजावलं होतं. तरी चक्कीवाल्याशी भांडून आलोच. "चक्की के पत्थर धो के दे!" तो हसायला लागला. शेवटी घरीच मिक्सरमध्ये दळली, तीनदा चाळली. नवा तवा आणला. कमलचं पोळपाट-लाटणं धुऊन, पुसून वरच्या फळीवर ठेवलं.

आज आठला गावंडे आले. ताटली घेऊनच. भाकरी तव्यावरून उतरतानाच मोडली होती. त्यांनी तुकडे जुळवून पाहिले.

"तीन तुकडे. रिजेक्ट."

"खा मुकाट्यानं."

"रिवर्क. उद्या परत." आणि खाली बसले. मीही माझी वाढून घेतली आणि त्यांच्यासमोर बसलो.

ते गेल्यावर उद्याची ज्वारी निवडायला घेतली.